आगोटीची बेगमी

वैशाख निम्मा सरला की आमच्या चौल-रेवदंड्याकडे घराघरांत एकच बोलणं असतं: आगोट भरली का? कौलं चाळून फुटकी बदलायची, पडवीला पावसाच्या बाजूने झाप नाहीतर निळं प्लॅस्टिक बांधायचं, सरपण कोरडं आत घ्यायचं, कांदे टांगायचे, मसाला कुटून बरणीत दाबायचा. सुके बोंबील, जवळा, सोडे पत्र्याच्या डब्यात बंद करायचे, कारण पुढचे कित्येक आठवडे समुद्र काही देणार नसतो. लग्न होऊन आले त्या पहिल्या वर्षी सासूबाईंनी ही सगळी बेगमी मला हाताला धरून शिकवली. तिच्यात एक गोष्ट राहून गेली होती. मृग सरून आर्द्रा लागल्या की मी आतून विझायला लागणार होते, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि मलाही नाही.

हे पुस्तक त्या राहून गेलेल्या गोष्टीबद्दल आहे.

माझं माहेर माण तालुक्यातलं. तिकडे वर्षाला पाचशे मिलिमीटर पाऊसही धड पडत नाही. आभाळात ढग आला की म्हातारी माणसं डोळ्यांवर हात धरून उभी राहायची आणि तो पुढे निघून गेला की न बोलता खाली बसायची. पावसाला नावं ठेवायची नाहीत, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ते टँकरच्या रांगेतच अंगात मुरलं होतं. इकडे रायगड जिल्ह्यात सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पहिल्या पावसात मी अंगणात जाऊन भिजले आणि माहेरी तसं पत्रही लिहिलं. पुढच्या महिन्यात मला अंथरुणातून उठवेना. हे कुणाला सांगणार? ज्या पावसासाठी माझ्या बापाचा जन्म वाट बघण्यात गेला, तो मला सोसत नाही, हे माझं मला कबूल करायलाच सात-आठ वर्षं लागली.

काय होत होतं ते सांगते. रात्री नऊ-दहा तास झोपूनही सकाळी डोळे उघडत नसत. पाय चिखलात रुतल्यासारखे जड. भाताचा तिसरा वाढा घेतला तरी खा-खा थांबत नसे, आणि ऑगस्टपर्यंत ब्लाउज दंडाला काचायला लागायचे. माहेरचा फोन वाजला की मी न्हाणीघरात जाऊन उभी राहायची, म्हणजे दुसरं कुणीतरी घेईल. रडू फारसं यायचंच नाही. रडायलाही अंगात काही लागतं. डॉक्टरांकडे गेले तर एकांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, दुसरे म्हणाले पावसाळ्यात सगळ्यांनाच कंटाळा येतो. ऑक्टोबरात मी आपोआप बरी व्हायची, म्हणून दोघंही खरे ठरायचे.

निदान केलं सासूबाईंनी. सहाव्या की सातव्या पावसाळ्यात, तांदूळ निवडता निवडता त्या म्हणाल्या, “तुला मृग-आर्द्रात काहीतरी होतं गं. पुनर्वसू-पुष्यात तू घरात नसतेसच. गणपती गेले की परत येतेस.” पुनर्वसूच्या तरण्या आणि पुष्याच्या म्हाताऱ्या पावसाचं गणित त्या भाताच्या लावणीसाठी ठेवत. त्याच गणितात त्यांनी मला बसवलं होतं. पुढे मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, हे दरवर्षी ठरावीक दिवसांत येतं का आणि ठरावीक दिवसांत जातं का. त्याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं, नक्षत्रांसकट.

या आजाराला सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर हे नाव मिळालं ते १९८४ मध्ये. नॉर्मन रोझेन्थल हे मानसोपचारतज्ज्ञ १९७६ मध्ये जोहान्सबर्गच्या उन्हातून न्यूयॉर्कला आले आणि हिवाळ्यात आपली उमेद का मावळते याचा त्यांना प्रश्न पडला. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यात प्रखर प्रकाशाच्या उपचाराचे पहिले निष्कर्षही दिले. माण सोडून चौलला आलेल्या मला त्या प्रवासाची हकिगत वाचताना फार आपलेपणा वाटला. माणूस जागा बदलतो तेव्हाच कधी कधी त्याला कळतं की आपण इतकी वर्षं कशावर चालत होतो.

मराठीत याला हंगामी नैराश्य म्हणतात. मी या पुस्तकात बहुतेक ठिकाणी मळभ म्हटलं आहे, कारण आभाळ आणि मन दोन्हींसाठी तो एकच शब्द आपण कधीपासून वापरत आलो आहोत. मात्र कुणी याला आळस म्हणून थट्टेवारी नेऊ नये. हा नैराश्याचाच आजार आहे; फरक इतकाच की त्याच्या येण्या-जाण्याला ऋतूचा ठेका असतो. निदानासाठी तो सलग दोन वर्षं तरी त्याच ऋतूत यावा आणि ऋतू पालटल्यावर पूर्ण जावा लागतो. उत्तरेकडच्या देशांत तो बहुधा हिवाळ्यात येतो. काहींना उलट उन्हाळ्यात येतो आणि त्यांची झोप व भूक वाढण्याऐवजी उडते. निदान झालेल्यांत बायकांची संख्या पुरुषांहून कितीतरी जास्त आहे.

आता आमच्या किनाऱ्याचं वेगळेपण. लंडनला डिसेंबरात दिवस आठ तासांचाही नसतो, म्हणून तिथला अंधार घड्याळात दिसतो. अलिबागला डिसेंबरातला सगळ्यात लहान दिवससुद्धा अकरा तासांचा, आणि सगळ्यात मोठा, सव्वातेरा तासांचा, नेमका जूनच्या तिसऱ्या आठवड्यात. म्हणजे पंचांगानुसार दिवस सर्वांत लांब असतो तेव्हाच आमच्याकडे ऊन नाहीसं होतं. समोरच्या मुंबईच्या जुन्या सरासरीत मे महिन्यात जवळजवळ तीनशे तास ऊन पडतं, जुलैत पंचाहत्तरच्या आसपास. चौथा हिस्सा. सूर्य वर असतो, त्याचा दिवसही मोठा असतो. आपल्यापर्यंत पोचतो तो त्याचा पाझर.

आणि जो पाझरतो तोही आमची घरं आत येऊ देत नाहीत. चौल, नागाव, रेवदंडा, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन, सगळीकडे वस्ती वाड्यांतून. घरावर नारळ-पोफळीची सावली, तिच्याखाली फणस, पुढे उतरत्या कौलांची खोल पागोळी, पडवीला ते निळं प्लॅस्टिक, आणि या सगळ्याच्या पोटात माजघर. मे महिन्यात त्या गारव्याचं कोण कौतुक! पण जुलैत दुपारी बारा वाजता माजघरात सुई ओवता येत नाही, आणि घरातली बाई दिवसाचे बरेच तास तिथेच आणि स्वयंपाकघरात असते. उजेड लक्समध्ये मोजतात. भर उन्हात तो एक लाखापर्यंत जातो, ढगाळ दिवशीही उघड्यावर हजारांत असतो, आणि दिवा लावलेल्या घरात शे-दोनशेच्या घरात. आपला डोळा अंधाराला इतका पटकन सरावतो की ही तफावत जाणवतच नाही. मेंदूला मात्र ती कळते. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की त्या आकार-रंग दाखवण्यापेक्षा किती उजेड आहे याचीच बातमी मेंदूतल्या घड्याळाला देतात. त्या पेशींचा स्वभाव २००२ मध्ये उलगडला. सकाळी ही बातमी क्षीण पोचली की झोप-जागेपणाचं वेळापत्रक मागे सरकतं. मेलाटोनिन या रात्रीच्या संप्रेरकाला प्रखर उजेड आवर घालतो, हे आल्फ्रेड ल्युई यांनी १९८० मध्येच दाखवलं होतं. नैराश्य फक्त यातूनच येतं असं नाही. सेरोटोनिन, आनुवंशिकता, पूर्वीचे आजार असे धागे त्यात गुंतलेले आहेत. आइसलँडच्या लोकांत इतक्या उत्तरेला राहूनही हा आजार अपेक्षेपेक्षा कमी आढळला, तेव्हा नुसता नकाशा पाहून कुणाला काय होईल ते सांगता येत नाही. या निदानावर आक्षेपही आहेत: २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या लोकपाहणीच्या आकड्यांत ऋतूप्रमाणे नैराश्य वाढताना दिसलं नाही, आणि त्यावर तज्ज्ञांत वाद झाला. मला त्या वादाचा राग येत नाही. लाखभर माणसांची सरासरी सपाट असू शकते आणि त्यातलीच एक बाई दरवर्षी पुष्य नक्षत्रात बुडू शकते.

अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत एक अट आहे आणि ती वाचून मी बराच वेळ थांबले होते. दर हिवाळ्यात हातचं काम जातं म्हणून जो खचतो, त्याला या आजारात धरायचं नाही. ही अट लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे थळ, बोडणी, साखर-आक्षी, एकदरा, राजपुरी, भरडखोल ही आमची मासेमारीची गावं नक्कीच नव्हती. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. माशांच्या विणीचा काळ म्हणून ही बंदी योग्यच आहे, आणि दर्याही तेव्हा कुणाला आत घेत नाही. होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारलेल्या, खलाशी आपापल्या गावी, उचल घेतलेली, जाळी दुरुस्त करून करून संपलेली. राजपुरीहून जंजिऱ्याला जाणाऱ्या होड्या बंद, गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या लाँचही बंद. कर्ता पुरुष दोन महिने दारात बसून समुद्राकडे बघतो. त्याचं ते दुःख, आणि माझं माजघरातलं दुःख, दोन्हींना वरून एकच आभाळ.

तरी ही दोन्ही एक नव्हेत, असं माझं मत या लिखाणाच्या ओघात पक्कं होत गेलं. अट कोरडी आहे, पण तिच्यामागचा विवेक खरा आहे. बेकारीने खचलेल्याला काम आणि पैसा लागतो. त्याला दिव्यासमोर बसवणं ही त्याची थट्टाच होईल. ओळखायची खूण साधी आहे. नारळी पौर्णिमेला नारळ सोडला, होडी पाण्यात गेली, आणि तरीही माणूस मनाने किनाऱ्यावरच राहिला, तर ते नुसतं बेकारीचं दुःख नव्हे. आणि या दोन महिन्यांत जो रोज दारूकडे वळतो, त्याच्याबद्दल ‘पावसाळा आहे, चालायचंच’ म्हणणं आपण थांबवायला हवं. दारू झोप मोडते आणि मळभ दाट करते. बाटली हा पुष्कळदा आजाराचाच भाग असतो.

तिसरी गोष्ट भीतीची. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. मुरूड-श्रीवर्धनकडे पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, कौलं-पत्रे उडाले, कित्येक गावं आठवडेच्या आठवडे विजेविना राहिली. पोफळ उत्पन्न द्यायला लागेपर्यंत अनेक वर्षं जातात, तेव्हा त्या वाडीवाल्याचं नुकसान एका पावसाळ्याचं नव्हतं. पुढे २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यात तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी डोंगराखाली गेली. तेव्हापासून या जिल्ह्यात जुलैतल्या रात्री पावसाचा आवाज वाढला की उठून बसणारी माणसं आहेत. त्यांची झोप उडते, छाती धडधडते, मुलांना ती उजेडात झोपवतात. हा आघाताचा परिणाम आहे, त्याचे उपचार वेगळे आहेत. मी त्यावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिलं, कारण मळभाबद्दल बोलायला लागले की समोरची बाई हटकून वादळाबद्दलच बोलायला लागायची.

मग आपल्या परंपरेत यावर काही आहे का, असं मला विचारतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सहाव्या अध्यायात ऋतुचर्या आहे. वर्षा ऋतूत अग्नी मंदावतो, वात वाढतो, दिवसा झोपू नये असं तिथे सांगितलं आहे. दिवसा न झोपण्याचा सल्ला आजचे डॉक्टरही देतात आणि मला तो सगळ्यांत कठीण गेला. त्याच ठिकाणी व्यायाम आणि ऊन टाळायलाही सांगितलं आहे. ते या आजारात चालणार नाही, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे. दिव्याच्या अवसेचं मात्र मला राहून राहून वाटतं. आषाढाच्या शेवटच्या दिवशी, ऐन काळोख्या पावसात, घरातले सगळे दिवे, समया, निरांजनं घासूनपुसून पाटावर मांडायची आणि त्यांची पूजा करायची. समईने मेंदूचं घड्याळ लागत नाही, तेवढा तिचा उजेड नसतो. पण त्या दिवशी घरातली बाई उठते, न्हाते, कणकेचे गोड दिवे करते, शेजारीण येते. एका वर्षी जुलैभर मी घराबाहेर पडले नव्हते आणि त्या एका दुपारी चिंच लावून समया घासताना मला तासभर बरं वाटलं होतं. पुढे श्रावणातले वार, नारळी पौर्णिमा, गोकुळाष्टमी, गणपती. सणांनी ठासून भरलेले हे महिने माणसाला माणसांत ओढून आणतात. ज्याला उठवतच नाही त्याला मात्र तेच सण शिक्षा वाटतात, आणि घरच्यांनी हे ओळखावं.

उपचारांबद्दल सविस्तर पुढे येईलच. इथे थोडक्यात सांगते, कारण काही जण प्रस्तावनाच वाचतात. दहा हजार लक्सचा उपचाराचा दिवा मिळतो. सकाळी उठल्यावर लवकर, नेमून दिलेल्या अंतरावर, साधारण अर्धा तास त्याच्यासमोर बसायचं. त्याच्याकडे टक लावून बघायचं नसतं. चहा प्यायचा, भाजी निवडायची. घरातली ट्यूब त्याच्या जागी चालत नाही. डोळ्याच्या पडद्याचा विकार, मधुमेहामुळे डोळ्यांवर झालेला परिणाम, उजेडाने त्वचेला त्रास होणारी औषधं, आणि विशेषतः कधीतरी उलट अति उत्साहाचा, झोपेविना धावण्याचा झटका येऊन गेला असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा दिवा लावू नये. द्विध्रुवी आजारात तो माणसाला दुसऱ्या टोकाला ढकलू शकतो. व्हरमाँट विद्यापीठात केली रोहन यांनी या आजारासाठी बेतलेली बोधात्मक वर्तनोपचाराची पद्धत प्रकाशोपचाराशी ताडून पाहिली. आजार असताना दोन्हींचा गुण सारखाच आला, पण दुसऱ्या हिवाळ्यात आजार उलटण्याचं प्रमाण वर्तनोपचार घेतलेल्यांत कमी दिसलं. आणि २००६ मध्ये अमेरिकेत ब्युप्रोपिऑन या औषधाच्या एका प्रकाराला हा आजार टाळण्यासाठी मान्यता मिळाली. ते ऋतू लागण्याआधीच सुरू करायचं असतं. हे कळलं त्या दिवशी मी सासूबाईंना म्हटलं, “आई, ही तर आगोट झाली.”

या पुस्तकाला मग तोच आकार मिळाला. ज्याची तारीख ठाऊक आहे त्याची बेगमी करता येते. म्हणून प्रकरणं आजाराच्या पाठ्यपुस्तकाप्रमाणे न लावता वैशाखापासून आश्विनापर्यंत लावली आहेत. वैशाखात काय करायचं: डॉक्टरांची वेळ घ्यायची, दिवा तपासायचा, दोन माणसांना आधीच सांगून ठेवायचं की जुलैत मी फोन उचलला नाही तर घरी या. मृगात पलंग माजघरातून पडवीत हलवायचा आणि प्लॅस्टिकऐवजी पारदर्शक पत्रा लावायचा. पाऊस उघडला की दिवस कितीही कुंद असला तरी वीस मिनिटं वाडीबाहेर, उघड्या आभाळाखाली, समुद्राच्या बाजूला चालायचं, कारण तिथला मळभटलेला उजेडही घरातल्याच्या कित्येक पट असतो. लावणीला जाणाऱ्या बायका हे सगळं न शिकता करतात, असं म्हणायचा मोह होतो. पण गुडघाभर चिखलात आठ तास वाकलेल्या बाईच्या कष्टाला मी उपचार म्हणणार नाही, आणि त्यांच्यातही मळभ भरलेल्या बायका मला भेटल्या आहेत.

रोजची नोंद ठेवण्याचा धडा मी अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेकडून घेतला. मुंबईच्या कुलाब्याला विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं बिघडणार होती, म्हणून १९०४ मध्ये तिथली वेधशाळा अलिबागला आली, आणि जुन्या नोंदींशी नव्यांचा सांधा जुळावा म्हणून दोन्ही ठिकाणी १९०६ पर्यंत एकदमच वेध घेतले गेले. तेव्हापासून तिथे डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीची रोज नोंद होते. मी कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी रोज एक ते दहामधला आकडा लिहिते: आज मन किती होतं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आकडे पाचाच्या खाली यायला लागले की मी वाट बघत बसत नाही. अशी अकरा कॅलेंडरं आता खुंटीला आहेत, आणि डॉक्टरांना माझ्या बोलण्यापेक्षा ती जास्त उपयोगी पडतात.

आकडा दोन किंवा एक झाला, जगू नये असं वाटायला लागलं, तर नोंद करत बसू नका. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ही सेवा चालू आहे, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. पूर्वी या किनाऱ्यावरच्या माणसाला ठाण्याचं नाहीतर रत्नागिरीचं मनोरुग्णालय एवढंच माहीत असे, आणि त्या नावांची धास्तीच जास्त होती. आता जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमामुळे सरकारी रुग्णालयात मानसोपचार मिळतो. त्यासाठी खाडी ओलांडून मुंबईला जावं लागत नाही. पावसात ते महत्त्वाचं आहे.

मी पूर्ण बरी झाले, असं लिहिता आलं असतं तर मला आवडलं असतं. गेल्या जुलैतही माझे सोळा दिवस गेले. पूर्वी सत्तर-ऐंशी जायचे. माहेरी आता मी खरं सांगते. वडील फोनवर विचारतात, “तुमच्याकडं पाऊस कसा हाय?” मी म्हणते, “लई हाय, आण्णा. मला सोसत न्हाय.” ते थोडा वेळ गप्प राहतात आणि म्हणतात, “मग थोडा इकडं लावून दे.”

हे लिहीत असताना अंगणात बोंबलांची चटई पसरली आहे आणि वर कौलं चाळणारा गडी फुटक्या कौलांचा आकडा ओरडून सांगतो आहे. सासूबाईंचं वय झालं, त्यांना आता ओटीवरून उठवत नाही, पण आगोटीची यादी त्यांच्या तोंडीच असते. सकाळी त्यांनी बोटांवर मोजलं: मीठ झालं, मसाला झाला, सरपण झालं, काड्यापेट्या झाल्या. मग माझ्याकडे बघून विचारलं, “आणि तुझा दिवा काढलास का गं वरून? पुसून लावून बघ एकदा. चार दिवसांत मृग येईल.”

“अजून महिना आहे, आई.”

“तेच म्हणते मी,” त्या म्हणाल्या. “आत्ताच बघ.”

चौल, वैशाख पौर्णिमा